गाडी उपाशीपोटी बघावी

माझी गाडी राखाडी रंगाची आहे. राखाडी म्हणजे अगदी चुलीतली राख. मला तशी नको होती. मला पिस्त्याच्या रंगाची, पुढे जाळीची टोपली असलेली हवी होती आणि ती मी जवळजवळ घेतलीच होती. घेतली असती तर आज कुठे असते हे मला चांगलं ठाऊक आहे. घरी, शेवग्याच्या शेंगा सोलत बसले असते. घेतली नाही, याचं सगळं श्रेय माझ्या सासऱ्यांचं. त्यांना मी मामा म्हणते. सारा जन्म मेंढरामागे गेलेला माणूस, विजेवरच्या गाडीतलं त्यांना काय कळणार, असं मी तेव्हा म्हणत होते. हल्ली गल्लीतल्या बाया मला विचारायला येतात, कोणती गाडी घ्यावी म्हणून. तेव्हा मी मामांचंच सांगते. कधीकधी माझं म्हणून सांगते, ते सोडा.

मी बीडमध्ये एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. लग्नाआधी त्याचं शिक्षण झालं होतं, पण लग्नानंतर बारा वर्षं ते सर्टिफिकेट कपाटात साड्यांखाली पडून होतं. मुलगी मोठी झाली तेव्हा बाहेर काढलं. नोकरी मिळाली त्या दिवशी मी देवाला नारळ फोडला आणि प्रसाद वाटताना दोनदा रडले. पगार बेताचाच. पण सकाळी सहाला बर्फाची पेटी खांद्याला लावून कोणाच्या दारात उभी राहिले की आतून आवाज येतो, "अहो, लॅबच्या मॅडम आल्या." बारा वर्षं ज्या बाईला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं, तिला या एका हाकेची किंमत विचारा.

पहिली दोन वर्षं नवऱ्याने मला मोटरसायकलवर सोडलं. एका घरापुढून दुसऱ्या घरापुढे. मी वर रक्त घेईपर्यंत तो खाली चहाच्या टपरीवर. मग त्याला दुधाच्या टँकरवर चांगली नोकरी लागली, आणि तो पहाटे चारला निघायला लागला. मोटरसायकलही त्याच्याबरोबर जायची, कारण डेअरी गावाबाहेर. लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून सरळ सांगितलं. म्हणाल्या, "रिक्षाने तुम्ही वेळेत पोचत नाही. नमुने ताटकळतात, उपाशी पेशंट ताटकळतात. पुढच्या एक तारखेला स्वतःची गाडी घेऊन या. नाही जमलं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." मला राग आला, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. हातात चोवीस दिवस होते.

पेट्रोलची स्कूटी परवडत नव्हती. गाडीची किंमत एक आणि रोज तिच्या तोंडात ओतायचं ते वेगळं. माझा फेरा पंधरा-वीस किलोमीटरचा, दर अर्ध्या किलोमीटरला थांबायचं. त्याला विजेवरचीच बरी, हे माझं मी ठरवलं होतं. लायसनही होतं. फक्त एक अडचण होती. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, आणि घरमालकाने खालच्या बोर्डाला कुणी हात लावायचा नाही असं बजावलेलं. म्हणजे बॅटरी काढून वर नेता आली पाहिजे. एवढं सोडलं तर मला गाडीत बघायचं होतं ते रंगच.

"आबांना घेऊन जा," नवरा म्हणाला. आबा म्हणजे मामाच.

"त्यांना गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं न्हाई कळत. खरेदीतलं कळतं."

मामांना तेव्हा आमच्याकडे येऊन तीन वर्षं झाली होती. चकलांब्याच्या पलीकडे त्यांचं गाव. सासूबाई गेल्या, गुडघे गेले, तेव्हा त्यांनी मेंढरं पुतण्याच्या हवाली केली आणि एक घोंगडी आणि एक काठी घेऊन आमच्या दोन खोल्यांत आले. दिवसभर गॅलरीत बसून रस्त्यावरची वर्दळ बघायचे. माझ्या नाकावर राग असतो, हे सगळ्या सासर-माहेरला माहीत आहे. दूधवाल्याशी, भाजीवालीशी, नवऱ्याशी, मुलीच्या क्लासवाल्याशी मी भांडलेली आहे. मामांशी मात्र कधी नाही. त्यांच्यापुढे डोक्यावर पदर आणि तोंडात दोनच शब्द. हो मामा, नाही मामा. मान ठेवायचा तो असाच, असं मला आईने शिकवून पाठवलं होतं.

तर आम्ही निघालो. मोठ्या रस्त्यावरचं काचेचं शोरूम. मामांनी काचेच्या दाराशी आपल्या जाड वहाणा काढल्या आणि अनवाणी आत आले, कारण फरशी चकचकीत होती. तिथल्या टाय लावलेल्या पोराने तिकडे बघून ओठ दाबले. मला ते दिसलं आणि तिथूनच माझं बिनसलं.

पण पिस्त्याच्या रंगाची ती गाडी! पुढे टोपली, आरशाला चंदेरी कड, सीट मऊ. मी बसले, चावी फिरवली, शोरूममागच्या मोकळ्या जागेत दोन चकरा मारल्या. वाऱ्यासारखी पळाली. किंमत माझ्या आवाक्यातली. आजच बुकिंग केलं तर हेल्मेट फुकट. बॅटरी निघते का, विचारलं, तर म्हणाला, "निघत नाही मॅडम, पण वायर लांब देतो, गॅलरीतून खाली सोडा." त्या भरात मला तेही पटलं. एका चार्जिंगमध्ये किती जाते, विचारलं, तर त्याने असा आकडा सांगितला की बीडहून निघून अंबाजोगाईला चहा घ्यावा.

मामा गाडीभोवती तीन वेळा फिरले होते. अंगठ्याने टायर दाबून बघितलं. मागून धरून गाडी वीतभर उचलली, खाली ठेवली. मग त्या पोराला विचारलं, "सकाळधरनं काय खाल्लंय हिनं?"

"काय आजोबा?"

"बॅटरी भरल्याली हाय का हिची?"

"हो हो, फुल्ल!"

"तेच म्हनतो. भरल्या पोटी समदीच जनावरं नाचत्यात. हिला उपाशी दावा."

त्या पोराला कळेना. मामांनी समजावून सांगितलं. बाजारात मेंढरं आणणारे व्यापारी आदल्या दिवशी त्यांना मीठ चारतात, वर पाणी पाजतात. सकाळी मेंढरू गरगरीत दिसतं, तुरुतुरू चालतं. घेणारा भुलतो, घरी नेतो, आणि चौथ्या दिवशी त्याची हाडं मोजून घ्यावी. म्हणून शहाण्या माणसाने जनावर उपाशीपोटी बघावं, पाठीला पोट लागलेलं असताना चढावर चालवून बघावं. तेव्हा जे चालतं ते घ्यावं.

"आजोबा, ही गाडी आहे," पोरगा म्हणाला, "मेंढी नाही."

शोरूममधले सगळे हसले. आणि खोटं कशाला सांगू, मीही हसले. थोडंसंच, पण हसले. मामांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराशी जाऊन वहाणा पायात घातल्या आणि बाहेर उन्हात उभे राहिले. पर्समध्ये बुकिंगचे पैसे होते. पण म्हातारा माणूस उन्हात उभा, म्हणून मी म्हटलं, उद्या येते.

घरी आल्यावर मी भांडी आपटली. नवऱ्याला फोन लावून म्हटलं, "तुमच्या वडिलांनी चारचौघांत माझी शोभा केली. गाडी काय उपाशी ठेवतात?" तो मेला हसत सुटला. मी फोन ठेवून दिला आणि उद्या एकटीने जाऊन पिस्ता बुक करायची असं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका निवृत्त गृहस्थांकडे शुगरचं रक्त घ्यायला गेले. जेवणाआधीचं एक आणि जेवणानंतर दोन तासांनी दुसरं. दंडाला पट्टा बांधला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "काका, काही खाल्लेलं नाही ना?"

"छे! पाण्याचा थेंब न्हाई."

आतून काकूंचा आवाज आला, "दोन केळी खाल्ली की आत्ता! साल अजून टेबलावर हाय!"

मी पट्टा सोडला. माझा तिखट स्वभाव अशा वेळी कामाला येतो. म्हटलं, "काका, भरल्या पोटी रक्त घेऊन काय कळणार मला? शरीर खरं बोलतं ते उपाशीपोटीच. उद्या बरोबर सहाला येते, तोंडात काही घालायचं नाही."

हे मी दिवसातून तीनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवते. पण त्या दिवशी जिना उतरताना पाय अडखळला. आपण आत्ता काय बोललो? मामा काल शोरूममध्ये वेगळं काय म्हणत होते? माझं तर पोट त्याच गोष्टीवर चालतं. बुद्धी शिकलेली असली की तिला आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ओळखू येत नाही. आणि मी हसले होते. पुढच्या घराची बेल वाजवेपर्यंत माझे कान गरम होते.

घरी गेल्यावर म्हटलं, "मामा, दुसरीकडं बघू या."

त्यांनी कारण विचारलं नाही. घोंगडी खांद्यावर टाकली आणि काठी घेतली.

दुसरं दुकान म्हणजे दुकान कसलं, पत्र्याचं शेड. तिथला माणूस पूर्वी विहिरीवरच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा, जळालेल्या मोटारींच्या तांब्याच्या तारा अजून कोपऱ्यात पडलेल्या होत्या. आता विजेवरच्या गाड्याही विकत होता आणि दुरुस्तही करत होता. मामांनी त्यालाही तेच सांगितलं. मी जमिनीकडे बघत उभी राहिले, आता हाही हसेल म्हणून.

तो हसला नाही. हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "आजोबा, आजवर इतकी गिऱ्हाइकं आली, असं कुनी इचारलं न्हाई. बरोबर बोलताव तुमी. भरल्या बॅटरीवर कोन्ती बी गाडी वाघच असती." त्याच्याकडे फिरवून बघायच्या दोन गाड्या होत्या. एक लाल, पिस्त्याचीच बहीण, त्याच जातीच्या जुन्या पद्धतीच्या जड बॅटऱ्या. दुसरी राखाडी, लिथियमची बॅटरी, सीटखालून काढता येणारी. किंमत चार पैसे जास्त. तो म्हणाला, "परवा दिस मावळायच्या आधी या. तवर दोनी बी पळवून एकेक काडीवर आनून ठेवतो." मीटरवर बॅटरीच्या पाच रेघा असतात, त्यांना तो काड्या म्हणायचा.

परवा गेलो. खंडोबाच्या टेकडीकडे जाणारा चढ गाठला. पहिल्यांदा लाल गाडी. सपाटीला ठीक चालली. चढ लागला तशी कण्हायला लागली, अर्ध्यात मीटरचा दिवाही मंद झाला आणि मग तिने मानच टाकली. मी दोन्ही पाय टेकवून उभी राहिले. मामा मागून काठी टेकत येत होते. त्यांनी काठीने तिचं मागचं चाक ठोकून बघितलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी तिची गत.

मग राखाडी. ती हळू चढली, पण थांबली नाही. वर जाऊन मी तिला परत खाली आणली.

"आता वझं घालून बगू," मामा म्हणाले. पण ओझं कुठून आणायचं? दुकानदार बंद पडलेल्या लाल गाडीपाशी उभा. मामा थोडा वेळ घुटमळले. सासऱ्याने सुनेच्या मागे बसायचं, तेही भर रस्त्यात, हे त्यांच्या पिढीला काही पचणारं नाही. मग त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली, तिची चौपदरी घडी घातली, माझ्या पाठीमागे उभी लावली आणि तिच्यापलीकडे अवघडून बसले. "चल," म्हणाले. येणारे-जाणारे बघत होते. मीही मान ताठ ठेवून चालवली. गाडी म्हाताऱ्याच्या चालीने चढली, पण चढली. वर पोचल्यावर मामांनी आधी देवळाकडे बघून हात जोडले, मग सीट उचलून बॅटरीवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"तापली न्हाई," ते म्हणाले. "दमाची हाय."

तेवढ्यावरही त्यांचं समाधान नव्हतं. एका काडीवर ती मरेपर्यंत किती जाते, ते बघायचं होतं. दुकानदार मामांपाशी कडेला थांबला, आणि मी दुकानाजवळच्या सपाट रस्त्याने गोलगोल फिरत राहिले. आठ किलोमीटरला ती थांबली. मग तिघांनी मिळून दुकानापर्यंत ढकलत आणली. घेतलेलीही नव्हती आणि ढकलायचा मान आधीच मिळाला होता. मला घाम आला होता, हसू येत होतं, आणि मनातून फार बरं वाटत होतं. एखाद्या वस्तूचं वाईटात वाईट आपण डोळ्यांनी बघितलं की तिची भीती वाटत नाही. शोरूममधल्या त्या आकड्याने मला असा धीर कधीच दिला नसता.

नवीन फ्रीजचा विचार पुढच्या वर्षावर ढकलला आणि राखाडी घेतली. महिनाअखेर, एक तारखेच्या आदल्या संध्याकाळी ती घरी आली. दुकानदाराने सांगितलं होतं, बॅटरीत थोडीच चार्जिंग आहे, घरी नेऊन लावा. बॅटरी वर नेताना मी हात पुढे केला, तर मामांनी मला हात लावू दिला नाही. छातीशी कवटाळून, पायरीपायरीला थांबत, त्यांनी ती स्वतः वर नेली. मी गॅलरीतल्या बोर्डाला चार्जर लावला, लाल दिवा लागलेला बघितला, स्वयंपाक केला आणि लवकर झोपले.

सकाळी साडेपाचला बॅटरी बसवली, चावी फिरवली. मीटरवर दोन काड्या.

पहिल्यांदा वाटलं गाडी खराब निघाली. धावत वर गेले. चार्जर बोर्डाला नव्हताच. वायर नीट गुंडाळून फळीवर ठेवलेली. मामा गॅलरीत जागे बसले होते.

"म्याच काढली रात्री," ते अगदी शांतपणे म्हणाले. "नवं जनावर हाय. पयल्या मुक्कामाला त्याला पोटभर घालायचं नसतं, बाधतं. दोन-तीन दिसांनी सवय झाली की मंग घालायचं."

त्या दिवशी सात घरं होती. बर्फाची पेटी भरलेली. पहिलाच दिवस, आणि पहिल्याच दिवशी उशीर झाला तर डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं ते माझ्या कानात वाजत होतं. एवढ्या वर्षांत तोंडात दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. पदर कुठे होता तेही मला कळलं नाही.

"मामा, ही मेंढी न्हाई! तुम्हाला मेंढरांपलीकडं जगात काही दिसतं का न्हाई? माझी नोकरी आज गेली तर कोण देईल ती परत? बारा वर्षं घरात बसून काढलीत मी! कशाला हात लावला तुम्ही?"

मुलगी उठून दारात आली. मामांचा चेहरा उतरला होता, एवढं मला दिसलं. मी तशीच खाली उतरले.

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून दोन मिनिटं विचार केला. सात घरं आणि लॅब मिळून चौदा किलोमीटर. दोन काड्या. एका काडीला आठ, म्हणजे सोळा. टेकडीकडचं घर सहावं. आदल्या आठवड्यात ती मी डोळ्यांनी एका काडीवर चढताना बघितली होती, मागे मामांना घेऊन. हे बघितलं नसतं तर मी तिथेच रिक्षा शोधत बसले असते, किंवा रडत लॅबला फोन केला असता. पण मला माहीत होतं. तिचं उपाशीपण मला पाठ होतं.

त्या दिवसासारखी गाडी मी पुन्हा कधी चालवली नाही. वेग वाढवला नाही, उगाच ब्रेक मारला नाही. उजाडल्याबरोबर दिवा बंद केला. कुत्रं आडवं आलं तरी हॉर्न वाजवला नाही, तोंडाने हुसकलं. पहिल्या घरी आजी, दुसऱ्या घरी गरोदर बाई, तिसऱ्या घरी ते केळीवाले काका, यावेळी खरंच उपाशी. पाचव्या घराबाहेर पडले तेव्हा एकच काडी उरली होती. टेकडीचा चढ समोर आला तेव्हा मी गाडीशी बोलायला लागले. "चल गं बाई, चल. चढलीयेस तू हे आधी." चढली. रडतखडत, पण चढली.

लॅबपुढे गाडी लावली तेव्हा काडी लुकलुकत होती. नऊला दहा कमी. डॉक्टरीणबाईंनी पेटी उघडली, नळ्यांवरची नावं तपासली, घड्याळाकडे बघितलं. "वेळेत," म्हणाल्या, आणि उद्याच्या घरांची यादी माझ्या हातात ठेवली. नऊ घरं होती. मी ती यादी घेऊन बाहेर पायरीवर येऊन बसले.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून मामा येताना दिसले. काठी टेकत, एक पाय ओढत, काखेत घोंगडीचं गाठोडं. घरापासून लॅब चार किलोमीटर तरी असेल. मी उठून धावले.

"मामा! तुम्ही? चालत?"

"रक्त तपासत्यात ती जागा कुटं, म्हनून इचारत इचारत आलो. दोन ठिकानी भलतीकडंच गेलतो," ते धापा टाकत म्हणाले. "एका जागी तर मला खुर्चीत बशिवलं आन् दंडाला रबर बांधलं त्या पोरीनं. म्हनलं, बाई, मला न्हाई द्यायचं रक्त, मला सून पायजे." मग गाडीकडे बघून विचारलं, "दम तर न्हाई ना तोडला तिनं?"

"न्हाई मामा. पोचली. चढ बी चढली."

त्यांनी मोठा श्वास सोडला. गाठोडं सोडलं. आत चार्जर होता, वायर घरच्यासारखीच नीट गुंडाळलेली. तो माझ्या हातात देत म्हणाले, "चारा आनलाय. आता घाल पोटभर. काल चुकलं माझं."

माझ्या डोळ्यांना धार लागली. लॅबच्या दारात, पेशंट बसलेले, तरी. म्हटलं, "चुकलं माझं, मामा. सकाळी मी लई बोलले."

"ते बरं केलंस," ते पायरीवर टेकत म्हणाले. "चौदा वर्सं झाली पोरी तुला आमच्या घरात येऊन. हो मामा, न्हाई मामा. पावनी असल्यागत. मी इथं राहायला आलो तवापासून मनात यायचं, म्हातारा जड झालाय हिला, म्हनून तोंड उघडत न्हाई. येतानी समद्या वाटंनं तेच डोस्क्यात. आज भांडलीस. असं तर लेकच बापाशी भांडती. मला लई बरं वाटलं बग."

चार्जर छातीशी धरून मी त्यांच्या पायांकडे बघत होते. उजवा गुडघा सुजून डबल झाला होता, आणि वहाणेचा अंगठा तुटलेला.

मग मात्र माझा राग परत नाकावर आला. एवढं चालत यायची गरज काय होती, रस्त्याने रिक्षा दिसल्या नाहीत का, आता या गुडघ्याला शेक कोण देणार, आणि सकाळपासून चहा तरी घेतला का न्हाई, असं मी भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडायला लागले. मामा पायरीवर काठी आडवी ठेवून, मान हलवत, सगळं हसत हसत ऐकून घेत होते.